तळ्यातला कळस

गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांसाठी स्पीलबर्गचा 'ई.टी.' दाखवला. भिंतीवर पांढरी चादर, कुणीतरी ऑफिसातून मागून आणलेला प्रोजेक्टर, पुढे सतरंजीवर मुलं आणि मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही मोठी माणसं. पंख्याच्या वाऱ्यानं चादर हलायची आणि त्या बिचाऱ्या परग्रहावरच्या जिवाचा चेहरा मधूनच लांब व्हायचा, मधूनच आखूड. सायकल चंद्रावरून गेली तेव्हा मुलांनी एकच आरोळी ठोकली. आरोळी ओसरते न ओसरते तोच माझ्या मागच्या खुर्चीवरचे एक गृहस्थ स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "हे खरं म्हणजे आपलं होतं. सत्यजित राय यांचं. चोरलं यांनी." घरी येताना जिन्यात नातीनं विचारलं, "आजी, ते आजोबा म्हणाले ते खरं? चोरलं?" आणि मी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, पिशवीत किल्ली चाचपत, म्हणून टाकलं, "हो."

ते 'हो' दुसऱ्या दिवशी मेथी निवडताना आठवलं. किती चटकन आलं तोंडून! गेली चाळीस वर्षं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय आणि इतक्यांदा इतरांना ऐकवलंय की ते बोलायला विचार करावा लागत नाही. १९८२ साली 'ई.टी.' आला तेव्हा मी पुण्यात कॉलेजात होते. लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म अर्काइव्हच्या खेळांना जाणारी आमची एक टोळी होती. राय यांचा 'पथेर पांचाली' पाहून आम्ही पार डेक्कनपर्यंत एक शब्दही न बोलता चालत आलो होतो. त्यामुळे 'ई.टी.' म्हणजे राय यांच्याच पटकथेची उचल, असं कानावर आलं तेव्हा राग तर आलाच, पण त्या रागाच्या पोटात एक सुखही होतं. आपल्या घरात चोरी झाली म्हणजे चोरण्याजोगं काहीतरी आपल्या घरात होतं, असं ते सुख. मेथीच्या काड्या बाजूला काढता काढता लक्षात आलं, चोरी झाली एवढंच मी आजवर सांगत आले. काय चोरीला गेलं, ते कधी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

राय यांच्या कागदपत्रांचं जतन करणाऱ्या संस्थेनं २०१८ साली ही पटकथा आणि तिच्याभोवतीची सगळी हकिगत एका इंग्रजी पुस्तकात आणली. ते माझ्याकडे होतं, घेतलं तेव्हा वरवर चाळून ठेवलेलं. त्या दुपारी ते कपाटातून काढलं आणि खिडकीशी बसले.

राय यांची ती पटकथा, 'द एलियन', सुरू होते एका तळ्यात. बंगालमधलं मंगलपूर नावाचं खेडं. रात्री आकाशातून काहीतरी येतं आणि कमळांच्या तळ्यात बुडतं. सकाळी पाण्यावर दिसतो तो फक्त सोनेरी शेंडा, आणि गाव ठरवतं की तळात गेलेलं देऊळ वर आलं. पूजा सुरू होते. गावात बाजोरिया नावाचा एक मारवाडी शेठ आहे. त्याला वाटतं, हे देऊळ आपण बाहेर काढावं, संगमरवरानं मढवावं आणि आपल्या नावाची पाटी लावावी. त्याच्याच पैशानं गावात ट्यूबवेल खोदायला आलेला डेव्हलिन नावाचा एक अमेरिकन आहे, त्यानं तळं उपसावं अशी शेठजींची इच्छा. कलकत्त्याहून आलेला मोहन नावाचा पत्रकार आहे. आणि हाबा आहे. भीक मागून आणि फळं चोरून जगणारा, कुणाचाच नसलेला पोरगा. यानातून जो उतरतो तो हाडकुळा, ठेंगणा, मोठ्या डोक्याचा. डोळ्यांच्या खोबणीत बुबुळं नाहीत, नुसता उजेड. तो रात्रीचा गावभर हिंडतो आणि नवीन घरात आलेलं रांगतं मूल जसं दिसेल त्याला हात लावून बघतं तसं करतो. शेतातला हिरवा भात त्याच्यामुळे एका रात्रीत पिकून पिवळा होतो. आंब्याच्या झाडाला भलत्याच ऋतूत फळ धरतं. सरणावर ठेवलेल्या म्हाताऱ्याचे डोळे उघडतात. त्याला यातलं काही चांगलं म्हणून करायचं नाही की वाईट म्हणून. त्याला फक्त कुतूहल आहे. आणि हाबाशी तो खेळतो, तेही हाबाच्या झोपेत, स्वप्नात शिरून.

वाचता वाचता मी मंगलपुरातून निघाले आणि थेट आजीच्या गावी पोचले.

१९७२ चा दुष्काळ. बार्शी तालुक्यातलं आजीचं गाव, मी आठ वर्षांची. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लालसर भाकरी, शाळेत मिळणारी सुकडी, आणि सकाळी खडी फोडायला निघालेल्या बायकांच्या बांगड्यांचा रस्त्यावरून दूर दूर जाणारा आवाज. आधी एक पाणाड्या आला होता. तळहातावर नारळ आडवा धरून तो आमच्या विहिरीपासून मारुतीच्या देवळापर्यंत चालला, आणि नारळ उभा राहिला तिथे गावानं दगड रोवला. मग पुष्कळ दिवसांनी बोअरची गाडी आली. असलं काही गावानं कधी पाहिलं नव्हतं. गाडीवरच्या माणसांची बोली आम्हाला कळत नव्हती. ते खुणांनी पाणी मागायचे आणि बायका आपल्या घागरीतलं, कोसावरून आणलेलं पाणी त्यांना द्यायच्या. मशीन सुरू झालं तेव्हा कान बंद केले तरी छातीत आवाज घुमत होता. भोकातून राखेसारखी पांढुरकी भुकटी उसळून वर यायची आणि लिंबाच्या पानांवर, बैलांच्या पाठीवर, माणसांच्या भुवयांवर बसायची. सगळं गाव एका दिवसात म्हातारं दिसायला लागलं. दुपार कलली तेव्हा भुकटीचा रंग गडद झाला, मग गोळे यायला लागले, मग चिखल. कुणीतरी "वल्ली, वल्ली!" म्हणून ओरडलं. आणि पाणी आलं. गढूळ, पण पाणी. आजी गर्दीतून वाट काढत पुढे गेली, तापलेल्या लोखंडाला हळदकुंकू लावलं, चटका बसला म्हणून बोट तोंडात घातलं आणि मग त्या मशीनला वाकून नमस्कार केला. मशीनजवळच्या माणसानं घाबरून तिला बाजूला केलं. तेव्हा मला तिची लाज वाटली होती. मी शाळेत जाणारी, दादांची मुलगी. यंत्राला कुणी नमस्कार करतं का!

तळ्यातल्या यानाची पूजा करणारं मंगलपूर वाचताना आजीचं ते पोळलेलं बोट डोळ्यांपुढे आलं, आणि पन्नास वर्षं उशिरा मला कळलं की त्या नमस्कारात भाबडेपणा फार थोडा होता. जमिनीतून पाणी काढून देणाऱ्याला आणखी काय म्हणायचं असतं? राय यांनी गावाला हसण्यावारी नेलेलं नाही, हे मला फार मोठं वाटलं. आणि पटकथा लिहिली गेली कधी, तर फेब्रुवारी १९६७ मध्ये. बंगालला लागून असलेला बिहार तेव्हा दुष्काळात होरपळत होता. अमेरिकेचा गहू बोटी भरभरून येत होता. अशा वेळी कलकत्त्यात बसलेला एक माणूस लिहितो की आकाशातून कुणी आलं आणि एका रात्रीत भात पिकला. 'ई.टी.'मधला पाहुणा एका घरात शिरतो आणि भरलेला फ्रीज उघडतो. तो सिनेमा मला आवडतो, त्यातलं पोरकेपण खरं आहे. पण त्या फ्रीजमधून मंगलपूरचा भात उचललेला नाही. तो अजून त्या कागदावरच आहे, पिकून उभा.

आता ती पटकथा कलकत्त्याहून हॉलिवूडला गेली कशी, ते सांगायला हवं. राय आणि विज्ञानकथा लिहिणारे आर्थर क्लार्क यांचा पत्रव्यवहार सुरू झाला १९६४ मध्ये, कलकत्त्यात विज्ञानपटांचा एक क्लब काढायचा होता त्या निमित्तानं. पुढे लंडनला भेट झाली. क्लार्क तेव्हा दिग्दर्शक कुब्रिकबरोबर '२००१' या सिनेमाच्या कामात होते. राय यांनी मनातली कल्पना सांगितली, क्लार्कना आवडली, आणि सिलोनला, म्हणजे आताच्या श्रीलंकेला, परतल्यावर ती त्यांनी आपल्या भागीदाराला, माईक विल्सनला सांगितली. हा विल्सन पाणबुड्या. १९६१ साली लंकेच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या खडकांत त्यानं एक बुडालेलं जहाज शोधलं होतं, आणि त्यात काय मिळालं तर आपल्या सुरतेच्या टांकसाळीत पाडलेले औरंगजेबाचे चांदीचे रुपये, समुद्रात एकमेकांना चिकटून गोळे झालेले. हे मी विनाकारण सांगते आहे, पण मला हा तपशील सोडवत नाही. बुडालेलं काहीतरी वर काढणं हाच त्या माणसाचा धंदा, आणि तळ्यात बुडालेल्या यानाची गोष्ट घेऊन तो निघाला. विल्सन कलकत्त्याला येऊन राहिला. राय लिहीत होते, हा शेजारी बसून सूचना करत होता. पंधरवड्यात पटकथा तयार झाली. मग चक्रं अशी फिरली की राय यांच्यासारख्या शिस्तीच्या माणसाला भोवळ यावी. पॅरिसमध्ये इंग्रज विनोदी नट पीटर सेलर्सची भेट. बाजोरिया त्यानं करायचा ठरलं. हॉलिवूडची कोलंबिया पिक्चर्स कंपनी पैसा घालायला तयार. १९६७ च्या जूनमध्ये राय हॉलिवूडला पोचले. सेलर्स तिथे 'द पार्टी' नावाच्या सिनेमात एका वेंधळ्या भारतीय माणसाचं काम करत होता. त्या सिनेमात तो माणूस आपल्या पाळीव माकडाचं नाव सांगतो. अपू.

अपू! 'पथेर पांचाली'तला पोरगा, ज्याच्या आगगाडीच्या आवाजासाठी आम्ही डेक्कनपर्यंत मुके झालो होतो, तो अपू.

आणि हॉलिवूडमध्येच राय यांच्या हाती स्वतःच्याच पटकथेच्या प्रती पडल्या. सायक्लोस्टाईल केलेल्या. पहिल्या पानावर लिहिलेलं होतं की हक्क माईक विल्सन आणि सत्यजित राय यांचे. दोन नावं, आणि पहिलं विल्सनचं.

सायक्लोस्टाईल हा शब्द आला की मला वास येतो. दादा तालुक्याच्या हायस्कुलात भूगोल आणि मराठी शिकवायचे. सहामाहीचे पेपर ते रात्री ऑफिसात बसून काढायचे आणि मी बरोबर जायचे. मेणकागदाचं स्टेन्सिल टाइपरायटरवर चढवायचं, रिबन बाजूला करायची, म्हणजे अक्षर शाईनं न उमटता कागदात कोरलं जायचं. जोरात बटण दाबलं की गोल अक्षराचं पोट गळून पडायचं आणि प्रत्येक प्रतीवर तिथे काळा ठिपका यायचा. चूक झाली तर ब्रशनं गुलाबी औषध लावून फुंकर घालायची. त्याचा वास नेलपॉलिशसारखा, पण जास्त डोक्यात जाणारा. मग ते स्टेन्सिल रुळावर ताणून बसवायचं आणि हँडल फिरवायचं. खट्‌-सर्र, खट्‌-सर्र. पहिल्या चारपाच प्रती फिक्या यायच्या, त्या दादा मला द्यायचे. असंच एकदा त्यांनी स्वतःची नाटिका काढली होती. गॅदरिंगसाठी लिहिलेली, आटलेली विहीर गावाशी बोलते अशी काहीतरी. पंचवीस प्रती. त्या वर्षी दुष्काळामुळे गॅदरिंग झालंच नाही, पुढच्या वर्षी दादांची बदली झाली. कागद चांगला होता, एका बाजूनं कोरा होता. मी सातवीपर्यंतची गणितं त्या नाटिकेच्या पाठीवर सोडवली आहेत. विहीर काय बोलायची ते मला आज आठवत नाही. फक्त पहिल्या पानाच्या खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात दादांचं नाव होतं, ते आठवतं. स्वतःचं नाव टाइप करताना ते थांबले होते. हात मांडीवर ठेवून क्षणभर बसले, आणि मग एकेक बटण सावकाश दाबलं होतं.

म्हणून त्या पहिल्या पानाची गोष्ट मला लागली. नाव कुणाचं, कुठे, हे लिहिणाऱ्याच्या फार आतलं असतं. १९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या नावानं. आपली आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. गोष्ट स्वतःच्या पायावर उभी राहते का ते पाहायचं, म्हणून एका माणसानं आपलं नाव आपल्या हातानं झाकलं. पहिलं बक्षीस मिळालं. तिथे नाव झाकण्याची मुखत्यारी लिहिणाऱ्याची होती. राय यांच्या नावाशेजारी दुसरं नाव आलं ते त्यांना न विचारता, त्यांच्याच घरात पाहुणचार घेतलेल्या माणसाकडून. विचारल्यावर त्यानं सांगितलं की हे तुमच्याच हितासाठी आहे.

पुढचं मी भराभर सांगते, कारण त्यात राय नाहीत, नुसते पैसे आणि हॉटेलं आहेत. लंडनमध्ये कोलंबियाच्या माणसानं राय यांना विचारलं, तुम्हाला दहा हजार डॉलरचा आगाऊ हप्ता पोचला ना? राय यांनी त्यातला एक डॉलरही पाहिला नव्हता. कंपनी सिनेमा करायला तयार होती, पण विल्सन नको म्हणाली. विल्सन हटेना. सेलर्सनं पत्र लिहून कळवलं की आपली भूमिका अपुरी वाटते. राय यांनी त्याला उत्तर पाठवलं ते कवितेत. शेवटी क्लार्ककडून कळलं की विल्सननं मुंडण केलं आणि तो संन्यासी झाला. त्या नव्या अवतारात त्यानं राय यांना पत्र पाठवलं. त्याचा आशय असा: प्रिय रावणा, सीता तुझ्याकडेच राहू दे, ती तुझीच आहे, तिला आणि जगाला सुखी कर. लंकेत राहणारा माणूस कलकत्त्याच्या माणसाला रावण म्हणतो, आणि त्याचीच लेक, ती पटकथा, त्याला दान म्हणून परत करतो. हे पत्र मी तीनदा वाचलं. दर वेळी मला राय यांचा तो टेबलापाशी वाकलेला उंच देह दिसला, हातात ते पत्र. कुणाला दाखवलं असेल त्यांनी ते? दाखवून काय सांगितलं असेल?

या सगळ्याच्या आधी, १९६२ साली, राय यांनी 'संदेश' मासिकासाठी एक गोष्ट लिहिली होती. 'संदेश' त्यांच्या आजोबांनी, उपेंद्रकिशोरांनी, १९१३ साली काढलेलं मुलांचं मासिक. ते बंद पडलं होतं, राय यांनी १९६१ मध्ये पुन्हा सुरू केलं. गोष्ट बंकूबाबूंची. काँकुडगाछी गावच्या प्राथमिक शाळेतले मास्तर. भूगोल आणि बंगाली शिकवणारे. तो भूगोल वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ बाहेर बघत राहिले. बंकूबाबूंची पोरं टवाळी करतात, आणि संध्याकाळी वकिलांच्या घरी जो अड्डा जमतो तिथली मोठी माणसं तर पोरांहून वाईट. बंकूबाबू कधी चिडत नाहीत. एका रात्री घरी जाताना बांबूच्या बनात त्यांना यान दिसतं आणि त्यातून उतरलेला अँग भेटतो, क्रेनियस ग्रहावरचा. खरं तर तो प्लूटोला निघाला होता, चुकून इथे आला. अँग त्यांना एका काचेतून उत्तर ध्रुव दाखवतो, ॲमेझॉनचं रान दाखवतो. आयुष्यभर नकाशावर छडी टेकवून जे शिकवलं आणि पाहिलं कधीच नाही, ते सगळं. आणि निघताना सांगतो की तुम्ही फार गरीब स्वभावाचे आहात, म्हणून मागे राहिलात; अन्याय झाला, अपमान झाला तर मुकाट्यानं सोसणं बरं नाही. दुसऱ्या संध्याकाळी बंकूबाबू अड्ड्यावर जातात, मोठ्यानं हसतात, एकेकाला सुनावतात आणि अड्ड्याला कायमचा रामराम ठोकतात.

हे लिहिणारा माणूस पाच वर्षांनी हॉलिवूडमध्ये ते पहिलं पान हातात धरून उभा होता. त्याच्या बांबूच्या बनात कुणी उतरलं नाही. ही सगळी हकिगत त्यांनी स्वतःच्या नावानं लिहून काढली ती १९८० साली, कलकत्त्याच्या 'स्टेट्समन' दैनिकात, दोन दिवसांत दोन भाग. तेरा वर्षं गेली होती मध्ये. आणि दोन वर्षांनी 'ई.टी.' आला. क्लार्कनी कळवलं की साम्य फार आहे, काहीतरी करा. राय म्हणाले की माझ्या पटकथेच्या सायक्लोस्टाईल प्रती अमेरिकाभर फिरत होत्या, त्याशिवाय हा सिनेमा होणं शक्य नव्हतं. स्पीलबर्गनं क्लार्ककरवी निरोप दिला की ती पटकथा फिरत होती तेव्हा मी शाळकरी पोरगा होतो. स्पीलबर्गचा जन्म डिसेंबर १९४६ चा, म्हणजे १९६७ मध्ये तो वीस वर्षांचा. हा हिशेब मी कॉलेजात असल्यापासून लोकांना करून दाखवत आले आहे. आता वाटतं, या हिशेबानं फार तर एक उत्तर लंगडं पडतं. चोरी शाबीत होत नाही. राय कोर्टात गेले नाहीत. कलावंताला वेळ घालवायला दुसरी कामं असतात, अशा अर्थाचं काही ते बोलले. त्यांचा संशय खोटा होता असं मी म्हणत नाही. त्या प्रती कुणाकुणाच्या टेबलावर पडून होत्या आणि त्या वाचून कुणाच्या मनात काय रुजलं, त्याचा माग काढणं कुणाच्याही हातचं नाही. पण ज्या दुखण्याबद्दल ते तेरा वर्षं गप्प होते आणि शेवटी बोलले, ते 'ई.टी.'च्या आधीचं होतं. त्यात स्पीलबर्गचं नावही नाही. आम्ही मात्र तेवढंच नाव धरून बसलो, कारण ते मोठं होतं आणि त्याच्याशी आपलं भांडण आहे म्हणायला बरं वाटत होतं.

आणि त्या तळ्यातल्या जिवाचं पुढे काय झालं? मला वाटतं, तो राय यांच्या घरातून गेलाच नाही. 'द एलियन'ची अशी दैना चालली होती त्याच सुमारास ते 'गुपी गाइन बाघा बाइन'च्या कामाला लागले. गोष्ट आजोबांचीच, 'संदेश'मधली. १९६९ साली तो लागला आणि कलकत्त्यानं डोक्यावर घेतला. त्यात रानातला भुतांचा राजा आहे, डोळ्यांना दिपवणारा, आणि त्याचा चिरका आवाज राय यांनी स्वतः काढलेला आहे. तो दोघा गरिबांना वर देतो, तेव्हा पहिली मागणी असते पोटाला अन्न आणि अंगाला कपडा. सिनेमाच्या शेवटी हाल्ला राज्याचं उपाशी सैन्य लढाईला उभं असतं आणि आकाशातून मिठाईची मडकी खाली उतरतात. शिपाई हत्यारं टाकून धावत सुटतात. हा प्रसंग मी आधी किती वेळा पाहिला असेल. या उन्हाळ्यात पुन्हा पाहिला आणि म्हटलं, हा तर मंगलपूरचा भात. तळ्यातून निघाला, हॉलिवूडपर्यंत फिरून आला, आणि मडक्यांत भरून आपल्याच माणसांवर उतरला.

नातीची सुट्टी संपायला आली तेव्हा एका रात्री वीज गेली. गच्चीत चटई टाकली. मी म्हटलं, "त्या दिवशी तू विचारलंस ना, चोरलं का म्हणून? मी 'हो' म्हणाले ते घाईत म्हणाले." ती विसरली होती. "कुठलं गं?" मग मी तिला तळं सांगितलं, सोन्याचा शेंडा सांगितला, पणजीच्या आईचं पोळलेलं बोट सांगितलं. ती म्हणाली, पिक्चर दाखव. म्हटलं, पिक्चर नाहीये, तो झालाच नाही. हे तिला पटेना. पिक्चर नाही तर गोष्ट कशी आहे? म्हणून मग बंकूबाबूंची सांगितली. मास्तर तिला माझ्या वडिलांसारखे वाटले, आणि मी ते तसंच राहू दिलं. अँग बंकूबाबूंना सांगतो की मला चौदा हजार भाषा येतात, तिथे तिनं मला थांबवलं. उठून बसली. समोरच्या काळोख्या इमारतींवर चांदणं पडलं होतं, खालून कुणाच्या तरी रेडिओचा आवाज येत होता.

"चौदा हजारांत मराठी असेल?"

"असणारच," मी म्हटलं. हे 'हो' विचार करून दिलेलं होतं.